चांदबीबी : तलवारीची गोष्ट पाठ आहे, तहाची कोण सांगणार?

आमच्या दारव्ह्यात वर्ग उर्दू माध्यमाचा असो की मराठी माध्यमाचा, चांदबीबीचं नाव काढलं की मुलांचे डोळे चमकतात. अहमदनगरचा किल्ला, सुरुंगानं पडलेली भिंत आणि अंगावर चिलखत, चेहऱ्यावर नकाब, हातात नंगी तलवार घेऊन त्या खिंडारात उभी राहिलेली बाई. चित्र काढायला सांगितलं तर निम्मा वर्ग आधी तलवार काढतो, राणी नंतर.

इथपर्यंतची गोष्ट सगळ्यांना येते. मग पुढं काय झालं, असं विचारलं की वर्ग गप्प. पुढं झालं ते असं, की चांदबीबीनं समोरच्या फौजेशी तह केला आणि त्या तहात आपलं वऱ्हाड देऊन टाकलं. ज्या काळ्या मातीत आज दारव्हा, दिग्रस, नेर वसलेलं आहे, ती माती सव्वाचारशे वर्षांपूर्वी एका सुलहनाम्याची किंमत म्हणून एका हातातून दुसऱ्या हातात गेली.

लढाईची गोष्ट सांगणं सोपं असतं. लढणाऱ्यानं दुश्मनाशी सुलह का केली, कशी केली आणि त्यापायी त्याला काय भोगावं लागलं, हे मुलांना सांगणं अवघड जातं. म्हणून इथं आम्ही चांदबीबीची सगळीच हकीकत सांगतो आहोत, आणि ती मुलांपुढं कशी मांडावी याबद्दल शेवटी चार शब्द.

माहेर नगर, सासर विजापूर

चांदबीबीचा जन्म साधारण १५५० चा, अहमदनगरचा. वडील हुसेन निजामशहा, आई खुंजा हुमायूं. त्या काळी दख्खनमध्ये बहमनी सल्तनत फुटून पाच राज्यं झाली होती: अहमदनगरची निजामशाही, विजापूरची आदिलशाही, गोवळकोंड्याची कुतुबशाही, बिदरची बरीदशाही आणि आपल्या वऱ्हाडातली इमादशाही. पाचही सुलतान मुसलमान, पण म्हणून त्यांच्यात भाईचारा होता असं समजू नये. नगर आणि विजापूर यांचं तर हाडवैर. सोलापूरचा किल्ला कुणाचा, यावरून दोघांच्या किती लढाया झाल्या असतील त्याची मोजदाद नाही. विजापूरच्या अली आदिलशहानं विजयनगरच्या रामरायाला सोबत घेऊन थेट अहमदनगरवर चाल केली होती. म्हणजे एका बाजूला मुसलमान सुलतान आणि हिंदू राजा, दुसऱ्या बाजूला मुसलमान सुलतान. दख्खनचं राजकारण असं होतं. आजच्या चष्म्यातून ते बघायला गेलं तर काहीच उमजत नाही.

पुढं वारं फिरलं. रामरायाची ताकद वाढत चालली तेव्हा नगर आणि विजापूर यांना एकमेकांची गरज पडली. दोन घरांनी सोयरीक जुळवली. हुसेन निजामशहानं आपली मुलगी चांदबीबी अली आदिलशहाला दिली आणि जहेजमध्ये सोलापूरचा किल्ला दिला, तोच भांडणाचा किल्ला. उलट बाजूनं अलीची बहीण हुसेनच्या मुलाला, म्हणजे मुर्तजाला दिली. त्यानंतर जानेवारी १५६५ मध्ये तालिकोटची मोठी लढाई झाली आणि दख्खनच्या सुलतानांनी मिळून रामरायाचा पराभव केला.

चौदा-पंधरा वर्षांची ती मुलगी. ज्या फौजा तिच्या वडिलांचं शहर जाळायला आल्या होत्या, त्याच घरात ती सून म्हणून गेली. तिला कुणी विचारलं असेल असं वाटत नाही, तो जमानाच तसा होता. पण दुश्मनाचं घर आतून कसं असतं, तिथली माणसं कशी बोलतात, कशाला घाबरतात, कशावर हसतात, हे तिनं उघड्या डोळ्यांनी पाहिलं. तिला अरबी, फारसी, तुर्की यायची आणि मराठी, कन्नडसुद्धा, असं इतिहासकार सांगतात. ती सितार वाजवायची, फुलांची चित्रं काढायची, असंही सांगितलं जातं. नवऱ्याबरोबर ती शिकारीला आणि स्वारीलाही जायची. पुढच्या काळातल्या दख्खनी चित्रांत ती घोड्यावर बसून हातावर बहिरी ससाणा घेऊन निघालेली दिसते.

माहेरी तिच्या आईचंही उदाहरण तिच्यापुढं होतं. १५६५ मध्येच हुसेन वारला, मुर्तजा लहान होता, म्हणून खुंजा हुमायूंनं काही वर्षं राज्याचा कारभार पाहिला. नंतर मुलानंच तिला कैदेत टाकलं. हुकूमत हातात घेणाऱ्या बाईचं काय होऊ शकतं, ही शिकवण चांदबीबीला घरातच मिळाली.

दुश्मनाला सामील असल्याचा पहिला आळ

१५८० मध्ये अली आदिलशहाचा खून झाला. मूलबाळ नव्हतं. नऊ वर्षांचा पुतण्या इब्राहिम गादीवर आला आणि त्याची जबाबदारी चांदबीबीवर पडली. दरबारात तीन गट होते. दखनी म्हणजे इथलेच, पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले. आफाकी म्हणजे इराण, तुराणकडून आलेले. आणि हबशी म्हणजे आफ्रिकेतून आणलेले, गुलामीतून वर येत सरदार झालेले. तिघांचं एकमेकांशी पटत नव्हतं आणि लहान सुलतान ज्याच्या ताब्यात त्याची चलती.

आधी कामिलखान कारभारी झाला, तो डोईजड झाला म्हणून त्याला हटवून किशवरखान आला. हा तर त्याहून वरताण. चांदबीबी आपल्या कामात आडवी येते असं दिसल्यावर त्यानं आळ घेतला, की ती नगरच्या भावाला फितूर आहे, त्याला विजापूरवर हल्ला करायला आतून चिथावते आहे. या आळावर तिला साताऱ्याच्या किल्ल्यात कैद करण्यात आलं.

हा आळ लक्षात ठेवावा. दुश्मनाच्या घरातून आलेली बाई, म्हणून ती दुश्मनाचीच. एवढ्यावर लोकांचा विश्वास बसतो. वीस वर्षांनी असाच एक आळ तिच्या जिवावर उठणार होता.

किशवरखानाचा जुलूम फार दिवस चालला नाही. हबशी सरदार इखलासखान आणि त्याच्या साथीदारांनी बंड केलं, किशवरखान पळाला आणि पुढं मारला गेला. चांदबीबी सुटून विजापुरात आली आणि पुन्हा कारभार पाहू लागली. एवढ्यात नगर आणि गोवळकोंड्याच्या फौजांनी येऊन विजापूरला वेढा घातला. म्हणजे माहेरची फौज सासरच्या दारात. जिच्यावर भावाला फितूर असल्याचा आळ होता, तीच आता भावाच्या फौजेसमोर तटावर उभी राहिली. भर पावसात ती ढासळलेल्या तटावर जाऊन माणसांना धीर द्यायची, असं सांगतात. विजापूर पडलं नाही. वेढा घालणाऱ्यांना हात हलवत परत जावं लागलं.

तिनं सांभाळलेला तो पोरका पुतण्या पुढं दुसरा इब्राहिम आदिलशहा म्हणून नावारूपाला आला. गाण्याचा वेडा, किताब-ए-नवरस लिहिणारा सुलतान. विजापूरचा इब्राहिम रोजा त्याचाच. आपण वाढवलेलं मूल पुढं आपल्याच हाकेला ओ देणार आहे, हे चांदबीबीला तेव्हा कुठं ठाऊक होतं?

१५८४ च्या सुमारास इब्राहिमच्या बहिणीचं लग्न नगरच्या शहजाद्याशी ठरलं. पुन्हा दोन दुश्मन घरांत सोयरीक. नवरीला घेऊन चांदबीबी नगरला आली आणि माहेरीच राहिली.

नगरचा किल्ला

माहेरी आली, पण घर फिरलं होतं. १५८८ मध्ये मुर्तजा निजामशहा आपल्याच मुलाच्या हातून मारला गेला. त्या मुलाचाही पुढच्याच वर्षी खून झाला. मुर्तजानंतर सात वर्षांत चार जण गादीवर आले. शेवटचा इब्राहिम निजामशहा, चांदबीबीचा भाचा. तो १५९५ मध्ये विजापूरच्याच फौजेशी लढताना मारला गेला. मागं राहिला त्याचा तान्हा मुलगा बहादूर.

गादीवर कुणाला बसवायचं यावरून सरदारांत जुंपली. मियां मंजू नावाच्या दखनी सरदारानं तर कहर केला. विरोधकांचा बंदोबस्त व्हावा म्हणून त्यानं गुजरातेत असलेल्या मुघल शहजाद्याला, अकबर बादशहाचा मुलगा मुराद याला मदतीला बोलावलं. नंतर विरोधकांवर त्याचीच सरशी झाली आणि तो पस्तावला. पण मुघल फौज आता कुठली परत जाते? डिसेंबर १५९५ मध्ये मुरादनं येऊन नगरच्या किल्ल्याला वेढा दिला.

त्या फौजेत एक सेनापती होता, ज्याचं नाव मुलांना सांगितलं की ती दचकतात. अब्दुर्रहीम खानेखानान. म्हणजे तेच रहीम, ज्यांचे दोहे मुलं हिंदीच्या पुस्तकात पाठ करतात. प्रेमावर आणि नम्रतेवर दोहे लिहिणारा हा कवी चांदबीबीच्या किल्ल्याबाहेर तोफा लावून बसला होता. मुलांना हे आवर्जून सांगावं. समोरच्या छावणीत राक्षस नसतात. तिथंही वाचणारी, लिहिणारी, घरची आठवण काढणारी माणसं असतात.

किल्ल्यात चांदबीबीनं सूत्रं हाती घेतली. तान्ह्या बहादूरला निजामशहा म्हणून जाहीर केलं आणि एक काम केलं जे इतर सरदारांना सुचलं नसतं. जिथल्या फौजेशी लढताना भाचा काही महिन्यांपूर्वी मारला गेला होता, त्याच विजापूरकडं तिनं मदत मागितली. इब्राहिम आदिलशहानं काकीची हाक ऐकली. सुहैलखान नावाच्या सरदाराच्या हाताखाली त्यानं फौज पाठवली, गोवळकोंड्याचीही फौज तिला येऊन मिळाली. सुडाचा हिशेब मांडत बसली असती तर नगरला कुणीच वाली उरला नसता. मुघलांशी तह व्हायच्या आधीच झालेली ही एक सुलह होती, पण तिच्याकडं सहसा कुणाचं लक्ष जात नाही.

इकडं मुघलांनी तटाखाली सुरुंग खणले. आणि एका रात्री मुघल छावणीतला ख्वाजा मुहंमदखान शिराझी नावाचा एक माणूस जीव धोक्यात घालून तटाजवळ आला आणि सुरुंग कुठं आहेत ते त्यानं किल्ल्यातल्या लोकांना सांगून टाकलं. आतली माणसं, बायाबापड्या मरतील, हे त्याला बघवलं नाही. चांदबीबीची माणसं रातोरात खणायला लागली. दोन सुरुंग निकामी झाले. तिसऱ्यापर्यंत पोचतात तोच तो उडाला. तटाची मोठी भिंत माणसांसकट आकाशात उडाली आणि भलंमोठं खिंडार पडलं. हा १५९६ चा फेब्रुवारी.

भलेभले पळायच्या बेतात होते. तेवढ्यात चांदबीबी चिलखत चढवून, नकाब घेऊन, तलवार उपसून खिंडारात येऊन उभी राहिली. ती उभी राहिली म्हणून बाकीचे परत फिरले. संध्याकाळपर्यंत हल्ल्यामागून हल्ला होत राहिला, खंदक प्रेतांनी भरला, पण मुघलांना आत पाऊल टाकता आलं नाही. रात्रभर मशालींच्या उजेडात भिंत बांधली गेली. सकाळी मुघल बघतात तर काय, खिंडार बुजलेलं. तोफगोळे संपले तेव्हा तिनं तांब्याची, चांदीची, शेवटी सोन्याची नाणी तोफांत भरली, अशी एक कथाही लोक सांगतात. मुराद तिच्या बहादुरीवर इतका खूश झाला, की तेव्हापासून तिला चांदबीबी न म्हणता चांद सुलताना म्हणू लागले, असंही सांगितलं जातं.

आणि मग तह

मुलांची गोष्ट इथं थांबते. आता पुढची.

मुघल छावणीत दाणा-वैरण संपत आली होती. मुराद आणि खानेखानान यांचं आपसांत पटत नव्हतं. विजापूर, गोवळकोंड्याची फौज जवळ येत होती. किल्ल्यातही काही आलबेल नव्हतं. लोक थकलेले, अन्न कमी, भिंत कच्ची, आणि बाहेरचे सरदार अजून आपसांत भांडत होते. मुरादनं निरोप पाठवला, की वऱ्हाड द्या, आम्ही वेढा उठवतो. चांदबीबीनं आधी नकार दिला. मग विचार केला आणि होकार दिला. १५९६ च्या सुरुवातीला तह झाला. वऱ्हाड मुघलांकडं गेलं आणि मुघलांनी बहादूरला निजामशहा म्हणून मान्य केलं.

वर्गात हे सांगितलं की एखादं पोरगं उठून विचारतंच, की मग तिनं आपल्यालाच देऊन टाकलं का? सवाल बरोबर आहे. त्याला टाळू नये.

वऱ्हाड म्हणजे त्या काळी एलिचपूर, म्हणजे आजचं अचलपूर, हे राजधानीचं शहर, गाविलगड आणि नरनाळ्यासारखे किल्ले, आणि कापसाची काळी जमीन. इथं १४९० पासून इमादशाही होती. १५७४ मध्ये चांदबीबीच्या भावानं, मुर्तजानं, ती बुडवून वऱ्हाड नगरला जोडलं. म्हणजे नगरनं जे दिलं, ते बावीस वर्षांपूर्वी नगरनंच जबरदस्तीनं घेतलेलं होतं. ते राखायला नगरकडं आता ताकद नव्हती. एका पारड्यात वऱ्हाडचा महसूल आणि दुसऱ्या पारड्यात किल्ल्यातले हजारो जीव, तान्हा सुलतान आणि उरलेलं राज्य. चांदबीबीनं जीव निवडले.

पण मुलांना हेही सांगावं, की वऱ्हाडच्या शेतकऱ्याला कुणी विचारलं नाही. मुराद पुढं बाळापूरजवळ शाहपूर वसवून राहिला, वसुली करणारे बदलले, नांगर धरणारे हात तेच राहिले. मोठ्यांच्या तहात लहानांचा हिशेब राहून जातो. तह चांगला म्हणजे तो सगळ्यांसाठी सारखाच चांगला, असं नसतं. तरीही लढाई चालू राहिली असती तर त्याच शेतकऱ्याच्या उभ्या पिकातून घोडे गेले असते, हेही तितकंच खरं.

शेवट

तह एकदा करून भागत नाही, तो रोज सांभाळावा लागतो. इथं तो सांभाळला गेला नाही. वऱ्हाडात न मोडणारं पाथरी मुघलांनी बळकावलं, अशी नगरची तक्रार होती. नगरचे सरदारही स्वस्थ बसणारे नव्हते. फेब्रुवारी १५९७ मध्ये गोदावरीकाठी सोनपेठजवळ मोठी लढाई झाली. सुहैलखानाच्या हाताखालची दख्खनी फौज हरली, मुघलांच्या बाजूनं लढणारा खानदेशचा राजा अलीखान मारला गेला. दोन्हीकडं नुसता नाश.

१५९९ मध्ये मुराद वारला. अकबरानं दुसरा मुलगा दानियाल आणि खानेखानान यांना पाठवलं. १६०० मध्ये नगरला पुन्हा वेढा पडला. या वेळी विजापूरहून कुणी येणार नव्हतं. नेहंगखान हबशीसारखा बलाढ्य सरदार चांदबीबीशी भांडून बसलेला, ऐनवेळी तोही निघून गेला. किल्ल्यात भांडणं, बाहेर मुघल.

चांदबीबी आता पन्नाशीची होती. चार वर्षांपूर्वी खिंडारात उभी राहिलेली हीच बाई. तिला लढाई कळत होती, म्हणूनच ही लढाई जिंकता येणार नाही हेही कळत होतं. तिनं हमीदखान नावाच्या सरदाराला बोलावून आपला विचार सांगितला, की किल्ला मुघलांच्या हवाली करावा, बदल्यात सगळ्यांचा जीव आणि अब्रू राखली जावी आणि आपण बहादूरला घेऊन जुन्नरला जावं. तिकडं डोंगर आहेत, किल्ले आहेत, राज्य पुन्हा उभं करता येईल.

हमीदखान बाहेर आला आणि रस्त्यातून ओरडत सुटला, की चांदबीबी मुघलांना फितूर झाली, ती किल्ला विकते आहे. कुणी शहानिशा केली नाही. पिसाळलेला जमाव महालात घुसला आणि ज्या बाईनं त्यांच्यासाठी भिंत अडवली होती, तिला त्यांनी तिच्याच घरात ठार मारलं.

त्यानंतर काय झालं हेही मुलांना सांगायलाच हवं. थोड्याच दिवसांत मुघलांनी सुरुंग लावून तट उडवला आणि किल्ला घेतला. आता भिंतीत उभं राहायला कुणी नव्हतं. किल्ल्यातले पुष्कळ लोक मारले गेले. लहानग्या बहादूरला ग्वाल्हेरच्या किल्ल्यात कैदेत पाठवलं. चांदबीबी जे मागत होती, म्हणजे लोकांचा जीव आणि मुलाची सुटका, ते दोन्ही गेलं. किल्ला तर गेलाच. तिचा मार्ग बरोबर होता की नाही, याचं उत्तर तिला मारणाऱ्यांनीच आपल्या नशिबानं देऊन टाकलं. पुढं मलिक अंबरनं डोंगरी मुलखाचा आधार घेऊन निजामशाही आणखी पंचवीसेक वर्षं जिवंत ठेवली. जुन्नरला जाऊन लढा चालू ठेवण्याचा चांदबीबीचा विचार काही वेडा नव्हता, हे त्यावरूनही दिसतं.

मुलांना ही गोष्ट कशी सांगावी

आम्ही शिक्षक मंडळी रोज एक गोष्ट पाहतो. मधल्या सुट्टीत दोन पोरांचं जुंपतं. पक्ष पडतात. त्यातला एखादा दुसऱ्या दिवशी स्वतःहून बोलायला जातो, तर त्याचेच दोस्त त्याला डरपोक म्हणतात, तिकडचा झाला म्हणतात. किशवरखान आणि हमीदखान हे फक्त सोळाव्या शतकात नसतात. म्हणून ही गोष्ट मुलांना इतिहासाच्या परीक्षेपुरती सांगून भागणार नाही.

वर्गात किंवा घरी एक साधा प्रयोग करता येतो. चार चिठ्ठ्या करा. एकीवर लिहा नगरच्या किल्ल्यातला शिपाई, दुसरीवर मुघल छावणीतला शिपाई, तिसरीवर वऱ्हाडचा शेतकरी, चौथीवर चांदबीबी. मुलांनी चिठ्ठी उचलावी आणि तीन सवालांची उत्तरं लिहावीत. मला काय हवं? मी काय देऊ शकतो? काय काही झालं तरी देणार नाही? मग चौघांनी बसून तह करून दाखवावा. मुलं सुरुवातीला हसतात, मग भांडतात, आणि मग हळूहळू कागदावर काहीतरी उतरायला लागतं. मुघल शिपायालाही घरी जायचं आहे, हे कुठल्यातरी मुलाच्या लक्षात येतंच. ते आपण सांगू नये, त्याचं त्याला सापडू द्यावं. हमीदखानाची भूमिका मात्र कुठल्याही मुलाला देऊ नये. त्याऐवजी अफवा ऐकल्यावर आपण काय विचारलं असतं, असा एक सवाल सगळ्यांना मिळून टाकावा.

मुलं विचारतील, की तह म्हणजे हार का? त्यासाठी घरात ठाऊक असलेलं उदाहरण आहेच. हिजरी सन ६ म्हणजे इ.स. ६२८ मध्ये हुदैबियाची सुलह झाली, तेव्हा त्या वर्षी उमरा न करताच मदिन्याला परत जावं, ही अट हजरत मुहंमद पैगंबर (स.) यांनी मान्य केली. कित्येक साथीदारांना ते फार लागलं होतं. दोनच वर्षांनी मक्का जवळजवळ रक्त न सांडता खुलं झालं. दुसरं उदाहरण सुलतान सलाहुद्दीन अय्युबींचं. सप्टेंबर ११९२ मध्ये त्यांनी इंग्लंडचा राजा रिचर्ड याच्याशी तह केला. किनारपट्टीची काही शहरं ख्रिश्चनांकडं राहिली, जेरुसलेम मुसलमानांकडं राहिलं आणि ख्रिश्चन यात्रेकरूंना तिथं बिनहत्यारी येण्याची मुभा मिळाली. वर्षभराहून अधिक काळ लढूनही हे दोघे एकमेकांना समोरासमोर कधी भेटले नाहीत. तरी तह झाला.

डरपोकपणा आणि सुलह यांत फरक काय, हे मुलांना चांदबीबीच्या आयुष्यातून दाखवता येतं. आधी ती खिंडारात उभी राहिली, मग तहाला बसली. जो आपल्या माणसांसाठी उभा राहू शकतो, त्याच्याच तहाला वजन येतं. मारून घेऊन गप्प बसायला आपण मुलांना शिकवत नाही आहोत, हे पालकांनीही ध्यानात घ्यावं. आपला हक्क सांगायचा, आपल्या जागी ठाम राहायचं, आणि समोरचा बोलायला तयार झाला की पहिला हात पुढं करायचा, एवढंच.

सुट्टीत कुणाचं नगरला, आताच्या अहिल्यानगरला जाणं झालं तर मुलांना किल्ला जरूर दाखवावा. शहराबाहेर डोंगरावर जी इमारत चांदबीबी महाल म्हणून दाखवतात, ती खरं तर मुर्तजा निजामशहाचा वजीर सलाबतखान याची कबर आहे, हेही सांगावं. आणि १९४२ मध्ये इंग्रजांनी मौलाना आझाद, पंडित नेहरू आणि त्यांच्या साथीदारांना याच किल्ल्यात कैद करून ठेवलं होतं. मौलानांच्या गुबार-ए-खातिरमधली पत्रं इथंच लिहिली गेली.

जायला जमलं नाही तरी बिघडत नाही. आपण जिथं राहतो ती जमीनच या गोष्टीचा भाग आहे. पावसाळ्यात शेताच्या बांधावर मुलांना उभं करून एवढं सांगावं, की एका बाईनं एकदा हजारो माणसं वाचवण्यासाठी ही माती दिली होती. मग ती बरोबर होती की चूक, हे मुलांनाच विचारावं आणि त्यांचं पूर्ण बोलणं ऐकून घ्यावं.